डाव्या बाजूची दीप्ती

दवनीवाड्याच्या मंडईत त्यानं सगळ्यात आधी माझा तक्ता पाडला.

तक्ता म्हणजे डोळे तपासायचा, मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. एकीकडे दंडारीचं नाचगाणं, दुसरीकडे आकाशपाळणा, आणि त्या गर्दीत आमच्या गोंदियाच्या दवाखान्याचा मांडव... डोळ्यांच्या मोफत तपासणीचा. मी दीप्ती, तिथली डोळे तपासणारी. गळ्यात ढोलकी अडकवून हा आला, डावीकडच्या तक्त्याला धडकला, आणि वर हसतोय!

"दिसत नाही का?" मी ओरडले.

"दिसते ना जी... तुमीच त दिसून राहिल्या."

राग आला होता हो, खरंच आला होता. पण हसू लपवायला मला मान खाली घालावी लागली. खुर्चीत बसवलं, तर पठ्ठ्यानं एकेक डोळा झाकून शेवटची ओळ घडाघडा वाचली.

"राजदीप नाव माझं. पास?"

"अर्धे पास. आत डॉक्टर मॅडम डोळ्यातला दाब बघतील, नस बघतील—"

"मले कायले? सगळं त दिसते!" आणि गेला ढोलकी वाजवायला.

मग तो दवाखान्यात यायला लागला. कधी बकारामकाकांना चष्म्यासाठी घेऊन, कधी नंदाबाईंना. अर्ध्या गावाचे डोळे त्यानं माझ्यापुढे आणून बसवले. स्वतः मात्र बाकावर बसून माझ्याकडे बघायचा, आणि खुर्चीचं नाव काढलं की पसार!

मलाही तो आवडायला लागला होता. आता सरळ टक लावून कोण बघणार? मी आपली त्याच्या डावीकडच्या कपाटाशी उभी राहून तिरप्या नजरेनं बघायची, बांगड्या वाजवायची. एकदा तर चक्क हसले. पण साहेब ढिम्म! चढलाय फार, असं ठरवून मी दोन दिवस धड बोलले नाही.

एके दिवशी तो वडिलांना घेऊन आला. हिरालालकाकांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"मोतीबिंदू समजून पिकू देत होतो पोरी," काका म्हणाले. "पिकला का काढू म्हटलं. तो काचबिंदू निघाला. माझ्या बापाचंबी असंच झालं होतं."

मी राजदीपच्या डावीकडून चहा पुढे केला. त्याचा हात कपाला लागला, चहा सांडला. "अरे बाप्पा, तुमी कवा आल्या?" म्हणाला. मला एकदम सगळं आठवलं. तक्ता डावीकडे होता. कपाटही डावीकडे. आणि काचबिंदू यांच्या घरातलाच!

"बसा खुर्चीत," मी म्हटलं.

"आज नाई जी, धान कापाचं हाये. अन्..." तो अडखळला. "मले दुसरंच बोलाचं होतं. तुमी... मले आवडता."

किती दिवस वाट पाहिली होती मी या वाक्याची! आणि आलं ते असं, सांडलेल्या चहात.

"उत्तर देईन. पण तपासणी झाल्यावर. त्याआधी एक शब्द नाही."

"अन् काही निघालं त?"

तेव्हा कुठे मला कळलं. माणूस खुर्चीला नाही, तिच्यावर बसून काय कळेल त्याला घाबरत होता.

"न बघितल्यानं ते थांबणार आहे का, राजदीप?"

तो काकांकडे बघत राहिला. मग गपचूप बसला.

डॉक्टर मॅडमनी सगळं तपासून सांगितलं. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली आहे, समोरचं दिसतं म्हणून त्याला कळलं नाही. उजव्यात नुकती सुरुवात आहे. गेलेलं परत येणार नाही. पण रोज औषधाचे थेंब आणि नेमानं तपासणी, एवढं पाळलं तर उरलेली नजर राखता येईल.

बाहेर आल्यावर त्यानं मला थांबवलं.

"आता उत्तर नका देऊ."

"काऊन?" मी विचारलं.

"उद्या बाबासारखा खाटेवर बसलो त... कायले धरता माझा हात?"

मी इतकी चिडले की 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "हे बघ, काकांना कोणी वेळेवर या खुर्चीत बसवलं नव्हतं. तुला मी बसवलंय. आता एक थेंब चुकवून दाखव! अन् माझं उत्तर हो आहे. ऐकू तरी येते ना?"

काका काठी टेकत हसले. "थेंब मी आठवण देऊन टाकाले लावीन, पोरी."

यंदाच्या मंडईत मांडवाच्या तोंडाशी राजदीपच उभा होता. "सगळं दिसते म्हणता? मंग त बसाच!" असं म्हणून एकेकाला आत ढकलत होता. वर्षभरात एक थेंब चुकला नाही, आणि त्याच दिवशी सकाळी मॅडमनी सांगितलं होतं की नजर होती तेवढीच आहे.

मी जाऊन त्याच्या डावीकडे उभी राहिले, सवयीनं. तिरपं बघितलं. त्यानं लगेच अख्खी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुला कसं कळलं, मी बघतेय?"

"नाई कळलं." तो हसला. "मीच घडीघडी वळून पाह्यतो... तू हायेस का म्हणून."