धामणीच्या धनुष्याचा पल्ला

पळसदेवच्या काठावरून आमची होडी सुटली, ती एकाच कामासाठी. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं की मधोमध एक खडकाळ टेकाड उघडं पडतं. त्या टेकाडावरून समोरच्या काठावर बाण टाकायचा! ते जमलं, तर बारामतीच्या स्पर्धेत लांब पल्ल्याचं बक्षीस कुठं जात नाही, असं माझ्या चुलतभावाचं, विजयसिंहदादाचं म्हणणं.

दादा कन्हेरीत ट्रॅक्टर चालवतो आणि उरलेल्या वेळात धनुष्यं तासतो. हे धनुष्य धामणीच्या झाडाचं. लाकूड दोन वर्षं सावलीत वाळवलेलं, वर जवसाचं तेल पाजलेलं. दिसायला देखणं, पण ओढायला हट्टी बैल! मी बारामतीत पोरांना तिरंदाजी शिकवते. खांदा निखळला तेव्हापासून स्वतः हलकंच धनुष्य वापरते. मी दादाला दहादा सांगितलं होतं, की दोरी मुठीच्या फार जवळ आहे, मनगटावर फटका बसणार. धनुष्याची खालची भुजा वरचीपेक्षा ताठ आहे, बाण सुटताना हात उडणार. आधी अंगाला बसू दे, मग पल्ला बघ. पण पालथ्या घड्यावर पाणी. ते धनुष्य आहे, पाळणा नाही, असं त्याचं ठरलेलं उत्तर.

होडी दत्तोबातात्यांची. तात्यांचा जन्म मासेमारीत गेला, त्यामुळे उजनीचा तळ त्यांना पाठ. टेकाडावर उतरलो तेव्हा ऊन टोचत होतं. लांबवर चित्रबलाक पक्षी उभे होते, पाणी निपचित पडलं होतं, आणि काठावरचे ऊस हिरव्या रेघेसारखे दिसत होते.

दादानं बाण सोडला. अर्ध्या पाण्यात पडला. दुसरा सोडला, तोही तिथंच. मनगट निळं झालं, पण गडी कबूल करेना. तिसऱ्याला हात उडाला आणि बाण भलतीकडे, टेकाडालगतच्या गाळात जाऊन रुतला. दादा तो आणायला निघाला. तात्यांनी हटकलं. दादा हसला. उजनीचा गाळ ट्रॉल्या भरभरून त्यानं शेतात टाकलाय. गाळाला भेगा पडल्या की त्यावर ट्रॅक्टर चालतो, हे त्याला पक्कं ठाऊक! शेताजवळच्या गाळाचं ते खरंही आहे. पण इथं वरची पापडी वाळली होती आणि खाली नुसता पातळ चिखल होता.

बाणापाशी पोचला, आणि पापडी फुटली! दादा मांडीपर्यंत गेला. एक पाय उपसायला दुसरा दाबला. कमरेपर्यंत गेला!

तात्या ओरडले, "हलू नगंस! छाती टेकव, हात पसर!"

होडी घातली, ती गाळात अडकली. कशीबशी मागं ओढली. दगड बांधून दोरी फेकली, ती निम्म्यात पडली. त्यात दुपारचा वारा सुटला. लाटा पापडीवर चढू लागल्या, आणि बघता बघता पाणी दादाच्या काखेला लागलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, हे लपवण्यात अर्थ नाही.

उपाय एकच होता. बाणाला जाळ्याचा बारीक दोरा बांधायचा, तो दादाच्या पलीकडे टाकायचा, आणि दोऱ्यामागून दोरखंड पोचवायचा. तात्यांची लांबची नजर अधू, म्हणजे नेम मलाच धरावा लागणार. माझं हलकं धनुष्य घरी राहिलेलं, म्हणून दादाचंच ओढून पाहिलं. निम्म्यावरच खांद्यातून कळ आली आणि हात थरथरला. थरथरत्या हातानं भावाच्या डोक्यावरून बाण कसा सोडायचा?

मी दोरी उतरवली आणि तात्यांचा मासे कापायचा सुरा मागितला. भुजांची आतली बाजू खरवडून पातळ केली की जोर उतरतो. पण एकदा उतरलेला जोर परत चढत नाही, लाकूड काही पुन्हा वाढत नाही. दादानं लांबून सुरा पाहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात!

"रेश्मे, धनुष्याला हात लावू नगंस! दुसरं काय तरी बघ!"

"दुसरं काय न्हाय दादा. तुझं धनुष्य मला ओढवत न्हाय!"

एक लाट त्याच्या हनुवटीवर फुटली. त्याला ठसका लागला, मग आवाज आला, "खरवड."

मी खरवडायला बसले. घाईत एकाच जागी सुरा चालला तर भुजा तिथंच मोडते, म्हणून लांब, हलके हात फिरवले. खालच्या भुजेवर जास्त, वरच्या भुजेवर कमी. दोरी चढवायची, हळूहळू ओढून लाकूड रुळवायचं, दोन्ही भुजा सारख्या वाकतात का ते तात्यांनी सांगायचं, पुन्हा खरवडायचं. भुसा मांडीवर पडत होता. दादाचे महिने त्यात होते, आणि मला रडू येत होतं.

मग दोरीला पीळ भरून ती आखूड केली. मुठीवर अंगठा उभा धरला की दोरीला टेकेल, एवढं अंतर ठेवलं. बाणाचं टोक काढून चिंधी गुंडाळली, दोरा बांधला, आणि ओढलं.

खांदा दुखला, पण हात थरथरला नाही!

पहिला बाण शेपूट उडवत गेला आणि वाऱ्यानं दोरा लांब फेकला. म्हणजे बाणाची शेपटी धनुष्याच्या दोरीवर जरा खाली बसत होती. मी दोरा ओढून घेतला. बाण चिमूटभर वर लावला, तिथं दोरीवर सुताची गाठ मारली. पाणी दादाच्या ओठांना लागलं होतं. श्वास धरला. ओढलं. सोडलं!

बाण सरळ गेला, आणि दोरा दादाच्या खांद्यावर अलगद उतरला.

पुढचं तात्यांच्या दंडांनी केलं. दोरा ओढून दादानं दोरखंड जवळ घेतला, काखेतून बांधला आणि तो पालथा पडला. आम्ही दोघांनी ओढलं, थांबलो, ओढलं. गाळानं त्याचे बूट ठेवून घेतले आणि माणूस सोडला. टेकाडावर तो बराच वेळ नुसता पडून राहिला.

सावकाश उठून त्यानं धनुष्य मांडीवर घेतलं. खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग ओढून पाहिलं. ते मुकाट वाकलं, मनगटाला दोरी लागली नाही. स्पर्धेचं बक्षीस गेलं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"आता पल्ला किती ऱ्हायला गं?" त्यानं विचारलं.

"तू रुतला हुतास तितका," मी म्हणाले.

दादानं मान डोलावली, आणि धनुष्य माझ्या हातात दिलं.