डोंगराच्या पोटातला दर्या

सन २०९१ची ही गोष्ट. कोकणचा किनारा बुडून तेव्हा बरीच वर्षं लोटली होती आणि आडबंदरचे मच्छीमार हिमालयातल्या एका कोरड्या खोऱ्यात वसले होते. दर नारळी पुनवेला नारळ कुठे अर्पण करावा हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

त्या साली जलगर्भ योजना आली. जलगर्भ म्हणजे चढलेल्या समुद्राचं पाणी नळांनी आणून डोंगराखाली, खूप खोल जिरवायचं. विहीर याच खोऱ्यात खोदायची का, हे ठरवायला गाव जमला. योजनेची भूशास्त्रज्ञ डॉ. वासंती कुबल मूळची आडबंदरचीच. लहानपणी तिला आमसुलं देणाऱ्या रुखमाकाकी पुढेच बसल्या होत्या.

“गो बाय, हो डोंगर पेटाचो नाय मां?”

“नाही गं काकी. अँडीज पर्वतात ज्वालामुखी आहेत, कारण तिथं समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतो आणि पाणीही खाली नेतो. ओला खडक कमी आचेवर वितळतो. कढईत कोरडी साखर दम काढते. पाण्याचा हबका मारला की लगेच पाक होतो ना, तसंच. इथं दोन भूखंडांची टक्कर झाली, मधला समुद्र कधीच संपला. खाली खडक तापलेला आहे, पण कोरडा.”

“म्हंजे आमच्यासारखोच!” मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

हबका हा शब्द वासंतीच्या जिभेवर तसाच राहिला. आता पाणी आपणच घालणार होतो. तिने हे वरिष्ठांना सांगितलंही होतं. खडक वितळेल अशी तिची गणितं सांगत होती. “घाबरवू नका लोकांना,” एवढंच उत्तर मिळालं होतं. आता कोणी विचारलं तर सांगायचं, असं तिने ठरवलं.

कोणी विचारलं नाही. काकी मात्र उठून उभ्या राहिल्या. “म्हंजे आपलो दर्या आपल्या दारात येतलो! पुनवेक नारळ देवक गावतलो!”

एकजात सगळे हात वर झाले. वासंतीने मान खाली घातली.

विहिरीत पाणी सोडलं ते नारळी पुनवेलाच. काकींनी सोनेरी कागद लावलेला नारळ तिच्याच हातात दिला. “दर्या तू आणलंस, मान तुझो.” तिने तो विहिरीत सोडला.

काही वर्षांत झरे उकळू लागले, डोंगर फुगला, बर्फावर राख पडली. गाव पुन्हा उठलं. ट्रकमध्ये चढता चढता काकी थांबल्या.

“तुका ठावक होता काय गो?”

“नाही, काकी.”

“मगे रडतंस कित्याक?” म्हणत काकींनी पदराने तिचे डोळे पुसले.

समुद्र वीतभर उतरला. आडबंदर काही वर आलं नाही. गावची माणसं कुठे कुठे पांगली. वरिष्ठ मानाने निवृत्त झाले. रुखमाकाकी खाली मैदानी मुलखातल्या छावणीत वारल्या. जाताना सुनेला बजावून गेल्या, तेव्हापासून दर नारळी पुनवेला वासंतीच्या दारात सोनेरी कागदातला एक नारळ येतो. तो तिला फोडवत नाही, की कोणाला देववत नाही. माजघरातल्या फळीवर आता जागा उरलेली नाही.