चिमूटभर नान

यातलं काहीही रंगवून सांगितलेलं नाही. जिच्यासोबत हे घडलं ती सानोबर आजही करासोय गावात राहते. कुणाला पटवून देण्याची तिला हौस नाही.

रात्र नव्हती. नोव्हेंबरातली शुक्रवारची दुपार होती. कोरडं ऊन. खानाचा जुना किल्ला.

दिवसा भुतं दिसत नाहीत म्हणे.

भूत दिसलं असं ती कुठे म्हणते?

थांबा. आधी नान-रोटीचं सांगायला हवं.

तिचा मुलगा जसूर वसंतात कामाला रशियात गेला. निघताना रीतीप्रमाणे त्याने ताज्या नानाचा एक घास दातांनी तोडला. उरलेला नान सानोबरने भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. परत येऊन तो त्यानेच संपवायचा. तोवर कुणी हात लावायचा नाही.

जसूरचा पुढचा दात लहानपणी तुटलेला. त्यामुळे नानावरच्या चाव्यात मधोमध एक टोक राहिलं होतं. सानोबर रोज त्या टोकाकडे बघायची.

दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा.

मग यायचा थांबला.

महिना उलटला. सानोबर रडली नाही. जेवायची, झोपायची, अंगण झाडायची. आत काहीच हलत नव्हतं.

"वहिनी, चल," नणंद इक्बोल म्हणाली. "आमच्या शिवणकामातल्या बायका किल्ला बघायला चालल्यात."

"फोन आला तर?"

"पिशवीत घाल आणि चल. तू अशी टक लावून बसतेस, फोनलाच वाजायची भीती वाटत असेल."

किल्ला दाखवायला हमरोकुल-अका, म्हणजे हमरोकुलदादा होते. जाडजूड, बोलघेवडे.

"खानाला चार बायका. म्हणून किल्ल्याला चार जिने. एकीने धरलं की दुसरीकडून निसटायला."

"आमच्या घरी एकच बायको आहे," इक्बोल म्हणाली, "तरी नवरा खिडकीतून निसटतो."

बायका हसत जिना चढल्या. सानोबरचा गुडघा दुखत होता. ती खालच्या खोलीत टेकली.

भिंतभर लाकडी खुंट्या. सगळ्या रिकाम्या.

वर पावलं वाजत होती. इक्बोलचं हसणं ऐकू येत होतं.

मग...

हसणं थांबलं.

पावलंही थांबली. अंगणात पारवे घुमत होते, तेही गप्प झाले. कान बंद झाले असं नाही. ऐकायला काही उरलंच नव्हतं.

आणि त्यात... चावण्याचा आवाज.

वाळलेला नान चावल्यासारखा. हळूहळू.

कोपऱ्यात एक बाई बसली होती. पांढरा रुमाल, जुना कापूस भरलेला झगा. पाहुण्यांना नान भाजून दाखवायला ठेवलेली असेल, असं सानोबरला वाटलं. तिने सलाम केला.

बाईने हातातला नान पुढे केला.

पुढे केलेला नान नाकारत नाहीत. पोट भरलेलं असो, पाय दारात असो, चिमूटभर तरी तोडून तोंडात टाकायचाच. सानोबरचा हात आपोआप गेला.

चिमूटभर तोडून तिने तोंडात टाकला. नान लाकडासारखा कडक होता.

बाईने नान फिरवला.

दुसऱ्या कडेला चावा होता... मधोमध टोक असलेला.

वर पावलं वाजू लागली. पारवे घुमू लागले. कोपऱ्यात कुणी नव्हतं.

बायका खाली उतरल्या. त्यांच्या मागून हमरोकुल-अका.

"या खुंट्या बघा. लढाईला निघालेला शिपाई नानाचा घास तोडून जायचा. उरलेला नान खानाची बेगिम स्वतः इथे टांगायची. मग किल्ल्याला वेढा पडला. धान्य संपलं. आत लहान मुलं होती. बेगिमने खुंट्यांवरचे नान उतरवले आणि मुलांना वाटले."

"मग?" इक्बोलने विचारलं.

"मुलं जगली."

"आणि शिपाई?"

"एकही परतला नाही. मेले म्हणावं, तर प्रेतंही सापडली नाहीत."

सानोबरचा घास अजून तोंडातच होता.

थुंकायचा?

नान थुंकत नाहीत. जमिनीवर सापडलेला तुकडासुद्धा उचलून, कपाळाला लावून उंचावर ठेवतात. ती पन्नास वर्षं तेच करत आली होती.

तिने गिळला.

"चेहरा का असा उतरलाय?" इक्बोलने विचारलं.

"गुडघा," सानोबर म्हणाली.

घरी कुलूप जसंच्या तसं होतं. खिळ्यावर नान होता. चावाही होता.

चाव्याच्या समोरच्या कडेला... चिमूटभर तुकडा कमी होता.

"उंदीर," इक्बोल म्हणाली. मग तिने तुटलेल्या कडेला अंगठा लावून पाहिला, तो चिमटीच्या खाचेत नेमका बसला. तिने हात काढला, आणि पुन्हा उंदराचं नाव घेतलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. जसूरचाच नंबर. आईला तो ओयी म्हणायचा.

"ओयी, मी निघालोय. वाटेत आहे."

इक्बोलने सानोबरला मिठी मारली. "आता तरी हस, माझे आई."

सानोबरने पुलावाचा तांदूळ भिजत घातला. मांस आणलं. तीन दिवस वाट पाहिली. मग तो पुलाव दोघींनीच खाल्ला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन.

"वाटेतच आहे, ओयी."

त्याच्या आवाजामागे काही नव्हतं. गाडी नाही, वारा नाही, माणसं नाहीत.

वसंतात शेजारचा पुलात नावाचा मुलगा रशियातून परत आला. जसूरसोबत एकाच खोलीत राहायचा तो. हातात मिठाईचा डबा घेऊन, हसत दारात आला.

"कुठाय तो लब्बाड? पोचल्याचं कळवलंसुद्धा नाही."

"तो अजून आलाच नाही," सानोबर म्हणाली.

"नोव्हेंबरातच निघाला ना, मावशी. शुक्रवारी दुपारी मीच स्टेशनवर सोडला. महिनाभर त्याचा फोन बिघडलेला होता. दुरुस्त करायला माझ्याकडे देऊन गेला, पण झालाच नाही." त्याने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. काच तडकलेली. सिम कार्ड आतच. "आता घरीच देतो म्हटलं."

इक्बोलने तोंडाला रुमालाचं टोक लावलं. पुलातला काही कळेना.

तो दिवस शुक्रवार होता.

टेबलावरचा फोन काळा, मेलेला. सानोबरचा वाजला. नंबर जसूरचा.

इक्बोल मान हलवत राहिली, नको, नको.

सानोबरने उचलला.

"वाटेतच आहे, ओयी."

सानोबरने खिळ्यावरच्या नानाकडे पाहिलं. मग रोजच्या आवाजात म्हणाली,

"सावकाश ये, बाळा."