चौकटीवरचा पत्ता

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल इथेच थांबावं. मला कुणाची खात्री पटवायची नाही. मी चौथीत शाळा सोडलेली बाई. रचून सांगायला डोकं लागतं, ते देवाने मला दिलेलं नाही. जीभ मात्र दिली, तीही बिनहाडाची.

घडलं ते माझ्या सुनेच्या बाबतीत. जागा छावणीतल्या चाळवजा ओळीतलं शेवटचं क्वार्टर. वेळ संध्याकाळी साडेसहाची. पुरता अंधारही पडलेला नव्हता. भुतं रात्री बारालाच येतात असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

माझा मुलगा फौजेत होता. अकरा वर्षांच्या संसारात सुनेने आठ घरं बदलली. तो सीमेवर असायचा आणि इकडे हुकूम यायचा, क्वार्टर सोडा. मग ही एकटीच ट्रंका भरायची.

पहिल्या वेळी नव्या पत्त्याचं पत्र त्याला पोचलंच नाही. रजेवर आला तर दाराला कुलूप. शेजारीही बदललेले. भांबावून उभा राहिला आणि सहज वर बघितलं, तर दाराच्या चौकटीवर खडूने नवा पत्ता लिहिलेला. खाली दोनच शब्द, ‘सावकाश या.’ सूनबाईने निघताना स्टुलावर चढून लिहून ठेवलं होतं.

घरी आल्यावर तो हसत म्हणाला, “मी कुठूनही येईन. तू फक्त वरती लिहून ठेवत जा.”

तेव्हापासून तो आमच्या घरचा नियमच झाला. सगळं सामान ट्रकमध्ये जायचं, स्टूल शेवटी.

त्याची आणखी एक खोड होती. बूट दाराबाहेर काढायचा आणि माती झाडायला दोनदा भिंतीवर आपटायचा. टक... टक. मी ओरडायचे, मेल्या, भिंतीचा चुना पाडतोस, तुझ्या बापाने लावलाय का? मग तो तिसऱ्यांदा मुद्दाम आपटायचा.

एकदा रजा मंजूर झाली, तिकीट निघालं, आणि त्याच्या जागी बंद पेटी आली. आम्हाला उघडू दिली नाही. सूनबाईने एवढंच विचारलं, “बूट आहेत का आत?”



वर्षभराने तिला शिक्षिकेची नोकरी लागली. पार दुसऱ्या मुलखात, तीन रात्रींचा रेल्वेचा प्रवास. आपली भाषा बोलणारं चिटपाखरू नाही तिथे. पण शाळेच्या आवारात राहायला घर होतं, आणि छावणीतलं क्वार्टर आज ना उद्या सोडायचंच होतं. मी म्हटलं, चल. रडत बसायला हे घर काय आणि ते घर काय.

निघायच्या दिवशी पाण्याची कळशी राहिली म्हणून मी मागे वळले. बघते तर सूनबाई स्टुलावर उभी. हातात खडू. चौकटीवर नवा पत्ता, आणि खाली तेच दोन शब्द.

ती उतरली, माझ्याकडे न बघता ट्रकमध्ये जाऊन बसली. ओळीतल्या बायका दारादारात उभ्या होत्या. उद्या म्हणतील, हिचं डोकं फिरलं, मेलेल्याला पत्ता देऊन गेली.

मी पदर ओला केला. स्टुलावर चढले. पुसून टाकलं.

तिला काही बोलले नाही.

नव्या गावात ती पहिल्या महिन्यात पोरांच्या हसण्याचा विषय झाली. तिचे उच्चार वेगळे. दुसऱ्या महिन्यात ती वर्गात शिरली की पोरं गप्प बसायला लागली. माझी नात, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, एकदा जेवताना म्हणाली, “आई, बाबांना आपलं हे घर माहीत आहे?”

“लिहून आलेय,” सूनबाई म्हणाली.

मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

तिसऱ्या महिन्यात फोन आला. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये एक ड्रायव्हर राहायला आला होता, त्याची बायको बोलत होती. आधी इकडचं तिकडचं. मग चाचरत म्हणाली, “ताई, चौकटीवर तुमचं काही राहिलंय का?”

सूनबाईने विचारलं, का हो?

मग ती बाई सांगत गेली. रोज साडेसहाला बाहेरच्या भिंतीवर काहीतरी आपटतं. दोनदा. मग सगळं शांत. आणि मग...

मग दाराच्या वरच्या चौकटीवरून कुणीतरी हात फिरवतं.

खर्र... खर्र... या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंधारात काडेपेटी चाचपावी तसं. नवऱ्याने दार उघडलं की बाहेर कुणी नाही. आवाज त्या दिवसापुरता बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा. चौकटीवरच्या धुळीत पाच बोटांचे माग उमटलेत, आणि ते सगळे मधल्या एका पुसलेल्या जागेशी येऊन थांबतात.

सूनबाईने फोन ठेवला.  मीच म्हटलं, “मी पुसलं.”

ती माझ्यासमोर येऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे आई, ते रोज येतात,” ती म्हणाली, “आणि रोज परत जातात.”

आयुष्यभर मी लोकांना बोलून गार केलं. त्या एका वाक्याने मला गार केलं.

तिने ड्रायव्हरच्या बायकोला फोनवर पत्ता सांगून चौकटीवर लिहायला लावला. दुसऱ्या दिवशी निरोप आला. हात अक्षरांवरून फिरला, आणि तसाच पुढे गेला. अक्षर सूनबाईचं नव्हतं ना.

सूनबाई मुख्याध्यापिकेकडे रजा मागायला गेली. नोकरी नवी. त्या म्हणाल्या, आठव्या दिवशी वर्गात नसलात तर जागा दुसरीला देईन. तीन रात्री जायला, तीन यायला. हातात एकच संध्याकाळ.

भिंगरीला शेजारच्या बाईंकडे ठेवून आम्ही दोघी गेलो.

ड्रायव्हरची बायको भली. घर आमच्यावर सोडून पोरांना घेऊन ती बहिणीकडे गेली. सूनबाईने स्टूल मागून घेतलं. मी दोन्ही हातांनी धरलं. तिने पत्ता लिहिला, शाळेचं नाव, घराचा नंबर, आणि खाली ‘सावकाश या.’ मग आम्ही आत शिरलो, कडी लावली आणि दाराला टेकून बसलो.

सहा वाजले. सव्वासहा. बाहेर पोरं खेळत होती, नळावर बादल्या वाजत होत्या.

साडेसहाला नळ थांबला. पोरांचा आवाजही.

टक...

टक.

सूनबाईने माझा हात धरला.

मग डोक्यावर, लाकडाच्या पलीकडे... खर्र... खर्र...

तो आमच्यापासून वीतभर होता. मध्ये एक फळी. ती उठली आणि तिचा हात कडीवर गेला.

“एकदाच बघते, आई.”

मी तिचं मनगट पकडलं. मलाही बघायचा होता. नऊ महिने पोटात वाढवलेला माझा मुलगा होता तो. पण मी म्हटलं, “उघडलंस तर त्याचं वाचायचं राहील. आणि उद्या तू इथे नसशील.”

तिने कपाळ दाराला टेकलं. कडी सरकली नाही.

हात मधोमध आला... आणि थांबला.

किती वेळ, कोण जाणे. वाचायला शिकणारं पोर एकेक अक्षर लावतं, तेवढा.

मग चौकट करकरली. बूट घालताना तो एक पाय चौकटीला टेकवायचा. नाड्या ओढल्याचा आवाज आला. पावलं ओटा उतरली.

सूनबाई दाराला तोंड लावून हळूच म्हणाली, “या.”

नळ पुन्हा वाहायला लागला तेव्हा आम्ही दार उघडलं. ओट्यावर कुणी नव्हतं. चौकटीवर पत्ता जसाच्या तसा होता.

खालचं ‘सावकाश’ तेवढं पुसलेलं होतं, ‘या’ राहिलं होतं.

आठव्या दिवशी ती वर्गात उभी होती. छावणीतून फोन आला, इथलं सगळं थांबलं, ताई, तुमचे उपकार झाले. आम्ही रोज साडेसहाला दाराशी बसायला लागलो. एक दिवस, आठवडा, महिना.

कुणी आलं नाही.

याला आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात सूनबाईला पत्र आलं. माझ्या माहेराजवळच्या शाळेत मोठी जागा, आपली भाषा, आपली माणसं. तिने ते घडी करून डब्यात ठेवलं. मी म्हटलं, पोरी, तुझं वय ते काय. इथे काय ठेवलंय?

“ते निघालेत, आई,” ती म्हणाली. “आले तर घरी कुणी नको?”

वाट मीच मोडली, मीच दाखवली, आणि आता वाट बघणारी इथे बांधली गेली.

घाईने निघालेला माणूस तो. ‘सावकाश’ तेवढं पुसून निघालेला. तीन रात्रींची वाट. मग तो आहे कुठे?

मी रोज संध्याकाळी बाहेर जाऊन दाराजवळच्या भिंतीवरून हात फिरवते. आलो त्याच महिन्यात चुना दिला होता.

एक पोपडासुद्धा उडालेला नाही.