मालनमावशीच्या पायाचं माप

"अहो! मोडू नका ते!"

मी ओरडले खरी, पण उशीर झाला होता. राम आळीतल्या त्या चपलांच्या दुकानात, माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या माणसानं माझी खराट्याची हीर कडकन मोडली होती. एवढ्यावर न थांबता एका तुकड्याचे आणखी दोन तुकडे करून झाले होते.

"हीर तर आहे," तो गोंधळून म्हणाला. "बाकावर पडली होती..."

"पडली नव्हती, ठेवली होती! ती मालनमावशी होती!"

दुकानातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. त्यानं हातातले तुकडे पाहिले, मग मला पाहिलं... आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं ते तुकडे बाकावर शेजारी शेजारी निजवून म्हणाला, "फार वाईट झालं."

मला हसू फुटलं. रागाच्या ऐन भरात हसू आलं की पुढे धड रागावताच येत नाही.

मालनमावशीनं मला आणि दादाला लहानाचं मोठं केलं. आता ती दादाची दोन वर्षांची मुलगी शमिका हिला सांभाळते. दादा-वहिनी दिवसभर नोकरीवर, मी फिजिओथेरपिस्ट म्हणून दवाखान्यात, आणि मावशी दिवसभर शमिकाच्या मागे. तेही दादाच्या जुन्या चपला पायात अडकवून, फटाक फटाक. त्या तिला केवढ्या तरी मोठ्या होतात. रात्री ती टाचांना तेल चोळत बसते. मी गावभरच्या टाचा बऱ्या करते आणि घरातली टाच तशीच! म्हणून यंदा तिच्या वाढदिवसाला साडी नाही, चांगले मऊ बूट द्यायचे, हे मी घरात भांडून ठरवलं होतं. साड्या तर तिच्या ट्रंकेत घडीसुद्धा न मोडता पडल्यात.

तिला विचारायची सोय नव्हती. "माज्या पायात बूट? मी काय पोलिसात हाय?" म्हणून तिनं उडवून लावलं असतं. मोजायची टेप शमिकानं कुठेतरी दडवलेली. शेवटी एका दुपारी मावशीचा डोळा लागल्यावर मी खराट्यातून एक हीर उपसली, तिच्या तळव्याला लावली आणि अंगठ्यापाशी तोडली. ते माप आता तुकडे होऊन बाकावर निजलं होतं.

"परत घ्या ना माप," तो म्हणाला.

"कसं घेणार? तिला वाटलं, पायावर मुंगळा चढला. घरभर पावडर टाकली आणि आता पायाला चादर गुंडाळून झोपते!"

आता तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे आणि ओठ मागून यायचे, हे माझ्या उगाचच लक्षात आलं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे जेवणावळी असल्या की लहानपणी मला खराट्याच्या काड्यांनी पत्रावळी टाचायला बसवायचे. हातात हीर आली की बोटं आपोआप तुकडे करतात. मी हर्षद. दापोलीचा. सध्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात आलोय."

"म्हणजे दिवसभर हीर मोडण्याचा पगार घेता?"

"दिवसभर नाही. मध्ये चहाही असतो." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तुमची मावशी वाळूत चालते का कधी? अनवाणी?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मावशी रोज संध्याकाळी पाऊस नसला की शमिकाला घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरते!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मांडवीवर हजर होता, हातात अख्खा खराटा घेऊन.

"एक हीर पुरली असती हो!"

"एक मोडली तर? माझा मला भरवसा नाही."

श्रावणातली संध्याकाळ होती. नुकतीच सर येऊन गेली होती आणि ढगांतून पिवळंधमक ऊन ओल्या काळसर वाळूवर सांडलं होतं. पुढे मावशी आणि शमिका, मागे लपतछपत आम्ही. मावशीचं एक छान, पूर्ण पाऊल सापडलं. आम्ही वाकलो... आणि लाट आली. पाऊल गेलं आणि हर्षदची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

"पुढचं! पुढचं धरा!" मी कुजबुजले.

पुढच्या पावलापाशी तो सरळ गुडघे टेकूनच बसला. मी टाचेकडून हीर धरली, त्यानं अंगठ्याकडून. आमची बोटं आणि मध्ये मावशीचं पाऊल. त्यानं वर पाहिलं, मीही पाहिलं... आणि हीर तोडायची राहूनच गेली.

"योगू गो?"

मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. मी धडपडत उठले. "मावशी, हा... हर्षद. असाच भेटला."

मावशीनं त्याचे भिजलेले गुडघे पाहिले. मग खराटा पाहिला. "असाच? खराटा घेऊन?"

"समुद्रावर कचरा फार झालाय," हर्षद म्हणाला.

मावशी पदर तोंडाला लावून हसली. पण घरी आल्यावर तिनं मला माजघरात गाठलं. "वहिनीला मी सांगत नाय. पन पोरगा बरा हाय गो. हसतो बरा."

मी काय सांगणार? खरं बोलावं तर बूट उघडे पडणार. मी तिला तसंच समजू दिलं. आणि खरं सांगायचं तर, तिचा तो गैरसमज मला इतका गोड वाटत होता की तो मोडायची मला मुळीच घाई नव्हती.

माप तर मिळालं, मावशी वळल्यावर हर्षदनं हीर मापाशी तोडून नीट खिशात ठेवली होती. आता बूट घेतले की काम संपलं. तिथेच खरी अडचण होती. रोज संध्याकाळी दवाखाना सुटला की मी राम आळीत जायचे आणि हर्षद भाट्याचा पूल ओलांडून यायचा. एका बुटाचा तळ कडक. एकाचा रंग भडक. एकाला नाडी, आणि शमिकाला कडेवर घेऊन मावशी नाडी कशी बांधणार? ही खोट मी काढली. दुसरे विनानाडीचे निघाले, तर त्यांना वास येतो, ही हर्षदनं काढली.

"एका मावशीपायी दुकान रिकामं केलंत," दुकानदार काका वैतागून म्हणाले. "एवढ्या वेळात लोकांची लग्नाची खरेदी आटपते."

आम्ही दोघंही एकदम दुसरीकडे बघायला लागलो.

शेवटी एक करड्या रंगाचा जोड निघाला. मऊ, हलका, नुसती पट्टी चिकटवायची. हर्षदनं तो खूप वेळ उलटसुलट केला. "यात खोट काढता येत नाही," तो हळूच म्हणाला.

"थोडी तरी काढा ना..." माझ्या तोंडून निसटलं.

त्याचे डोळे हसले, पण ओठ या वेळी मागून आले नाहीत. "काढली असती. पण उद्या पौर्णिमा आहे, तुमच्या मावशीचा वाढदिवस. आणि पौर्णिमा झाली की माझं इथलं काम संपतं. परवा सकाळी दापोलीची गाडी."

घरी जाताना ते खोकं मला भलतंच जड लागलं.

मावशीचा वाढदिवस नारळी पौर्णिमेचा. आधार कार्डावर भलतीच तारीख आहे, पण तिची आई सांगायची ते हेच, म्हणून आम्हीही हेच धरतो. वहिनीनं नारळीभात केला होता. मावशीनं खोकं उघडलं आणि कितीतरी वेळ नुसता बुटांवरून हात फिरवत राहिली.

"माज्यासाठी? नवं?"

मी खाली बसून तिच्या पायात बूट चढवले. ती दोन पावलं चालली... आणि टाच बाहेर आली. बूट चांगले बोटभर मोठे होते.

"असं कसं?" मी रडकुंडीला आले. "वाळूतल्या पावलावरून बरोबर माप घेतलं होतं..."

"वाळूतल्या?" मावशी थबकली. "म्हंजे तवा मांडवीवर माझा पाय मोजीत होतंस? आनि तो पोरगा?"

"मदत करत होता."

"मंग तुमचं तसलं... कायच नाय?"

तिचा चेहरा असा पडला की मला बघवेना. बूट मोठे निघाले त्याचं तिला काहीच नव्हतं. "मी दर्याला नारळ बोलल्ये गो तुमच्यासाठी," ती म्हणाली. "आज वाहायचा तो."

मी तिचा हात धरला. "माझ्याकडून आहे, मावशी. खूप आहे. त्याचं मला ठाऊक नाही."

"मंग माझ्या तोंडाकडं काय बघतंस? फोन कर त्याला!"

दादा-वहिनी तोंडात घास तसाच धरून ऐकत होते. मी फोन लावला. "बूट मोठे झाले."

पलीकडून आवाज आला, "देवाची कृपा!"

"काय?"

"मांडवीवरच आहे मी. या."

किनाऱ्यावर गर्दी होती. कोळीवाड्यातली माणसं नारळ घेऊन आली होती, कुठेतरी ढोल वाजत होता. मी खोकं छातीशी धरून गेले. बूट बदलायचे म्हणून मावशी पुन्हा दादाच्या चपलांत, कडेवर शमिका, हातात नारळ, फटाक फटाक माझ्या मागून येत होती. हर्षद जेटीपाशी उभा होता.

"दुकान आज बंद आहे," तो म्हणाला.

"मला माहितेय."

"मग फोन कशाला केलात?"

मी दवाखान्यात भल्याभल्यांना दटावते, पण तेव्हा माझे पाय वाळूत रुतून बसले होते. "हे बघा, बूट उद्या बदलून मिळतील. मग पुढे कुठलं कारण काढायचं? मला कंटाळा आलाय कारणं काढायचा. तुम्ही मला आवडता. बस्स."

तो हसला. डोळे आणि ओठ दोन्ही एकदम.

"योगिनी," तो म्हणाला, "ओल्या वाळूत पाऊल पसरतं. असतं त्याहून मोठं उमटतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर बूट बरोबर आले असते. मोठे आले तर बदलायला तुम्हाला पुन्हा यावं लागेल, म्हणून गप्प बसलो. मला इथून जायचंच नाहीये... तुम्हाला सोडून तर नाहीच."

मला लाजायला वेळच मिळाला नाही. पाठीमागून मावशीनं येऊन त्याच्या दंडावर सणसणीत चापटी मारली.

"माझ्या पायाचा खेळ केलास होय रे!" आणि तोच हात तिनं त्याच्या गालावरून फिरवला. मग नारळ आमच्या दोघांच्या हातांत दिला. आम्ही तो मिळून दर्याला दिला. शमिका टाळ्या वाजवत होती.

"तुझी गाडी कवा?" मावशीनं विचारलं.

"उद्या सकाळी."

"दुपारच्या गाडीनं जा. आधी माझे बूट बदलून आन. आनि गनपतीला ये. एकटा नको येवस. आवशीला संगती आन."

हर्षदनं माझ्याकडे पाहिलं. "आईला आणू?"

"आण," मी म्हटलं. "पण आधीच सांगून ठेव, तुझ्या योगिनीला उकडीचे मोदक वळता येत नाहीत."