छातीतला आवाज

मोबाईल ठेव रं रणधीर खाली. तोंडावर नुसता उजेड पडलाय, भुतागत तूच दिसाया लागलास. लाईट बाराला येणार म्हणल्यावर बाराच्या आत पाण्याची मोटार चालू व्हायची न्हाय, कितीबी टकटक कर. बस गप. ए रुद्रेश, तूबी सरक हिकडं, घोंगडं मोठं हाय.

धोंडप्पाचं सांगतो. जीपवाला धोंडप्पा, बेंबळीच्या अलीकडच्या वाडीचा, माझा लंगोटीयार. त्यानं ह्याच हातावर हात ठिवून मला सांगितलंय, म्हणून हसायचं न्हाय. दोन सालामागची येळवस आठवतीय? तिची आदली रात. बुधवार.

वाडीच्या जुन्या शाळेत तवा एक संस्था हुती. दर हिवाळ्याला भाहेरदेशातली कालेजची पोरंपोरी यायची, दोन महिने राहायची. लेकरांची वजनं करायची, हात कसे धुवायचे ते शिकवायची, इंग्रजी गाणी म्हणायला लावायची. चांगली हुती पोरं, खोटं कामून बोलू? खाली बसून भाकरी खायची, जमिनीवर निजायची. जाताना गळ्यात पडून रडायची. मग पुढच्या हिवाळ्याला दुसरी यायची. दुसऱ्यांना पहिल्यांचं कायबी ठाव नसायचं. पुन्हा वजन, पुन्हा गाणं, पुन्हा फोटू.

धोंडप्पा त्यांची जीप चालवायचा. त्याची नात महेश्वरी. आईबाप पुण्याकडं कामाला, पोरगी आजाजवळ. सात-आठ वर्साची, बोलायला तेरखेड्याची लवंगी फटाकडी. पण चार पावलं पळली की ओठ निळे पडायचे. काळजाला जन्मापासून भोक हुतं तिच्या. पहिल्या साली एका पोरीनं छातीला नळी लावली, ऐकलं, आन तिचं तोंडच उतरलं. आवाज येतोय म्हणली. आपरेशन लागंल, आमी कायतरी करू. फोटू काढला आन गेली. दुसऱ्या साली दुसरीनं नळी लावली. आवाज येतोय, कायतरी करू. तिसऱ्या साली आणखी एकानं.

आता तू म्हणशील, मोठ्या दवाखान्यात न्यायचं की. आमीबी म्हणलं त्याला, घसा कोरडा पडला आमचा. पण धोंडप्पाला वाटायचं, इतक्या लांबनं इमानात बसून आलेले डाक्टर, ह्यांच्यावर आणखी कोण? आन ते डाक्टर न्हवतेच रं! शिकत हुते अजून. त्यांनी कधी खोटं सांगितलं न्हाय, ह्यानं कधी इचारलं न्हाय. कानात नळी दिसली, झाला डाक्टर. मला अजून राग येतो त्याचा.

महेश्वरीला तेवढाच घोर. जो नळी लावंल त्याला इचारायची, "गेला का आवाज?" चौथी टोळी यायच्या आत, आखाडात, गेली पोरगी. लई वाईट झालं. धोंडप्पा आपला जीप चालवीत राहिला.

चौथ्या टोळीत इंग्रिड म्हणून नॉर्वेची पोरगी हुती. बायांच्या जिभेला ते नाव बसंना, म्हणून तिला इंदू म्हणायच्या. बाकीचे हंपी बघाया गेलेले, ही एकटीच शाळेच्या खोलीत राहिली. तिला महेश्वरीचं कायबी ठाव न्हवतं. धोंडप्पानं सांगितलंच न्हवतं. दर साली नवं माणूस, कुणाकुणाला सांगायचं?

येळवशीच्या अवसेला समद्यांनी रानात जेवाया जायचं, म्हणून आदल्या राती गाव जागं. घरोघरी भज्जी शिजतीय, बाया बाजरीचे उंडे वळाया बसलेल्या. इंदूचं प्यायचं पाणी संपलं म्हणून धोंडप्पा नवाच्या सुमाराला बेंबळीला जार आणाया गेला. दहाला माघारी आला. शाळा गावाच्या जरा भाहेर. त्यानं जीप लावली, जार खांद्यावर घेतला आन ओसरीवर चढला. खोलीत उजेड हुता. दार लोटलेलं.

आत इंदू कुणाशी तरी बोलत हुती.

त्या पोरांना मराठीचे पाच-धा शब्द शिकवलेले असायचे. बस. श्वास घे. दुखतं का. उद्या ये. त्याच्यावर दोन महिने काढायची.

"बस," इंदू म्हणली.



"श्वास घे."

धोंडप्पाला वाटलं, कुणी बाई लेकरू घिऊन आली असंल. मधीच कुठं जायचं, म्हणून त्यो दारातच थांबला. आत नळी कशावर तरी आपटून बघितल्याचा आवाज झाला. इंदू तिच्या भाषेत कायतरी पुटपुटली.

"श्वास घे ना..."

गप.

आन मग...

"ताई, गेला का आवाज?"

वीस लिटरचा जार खांद्यावर. धोंडप्पाला त्याचं वजन कळंना. पाय उचलंना. हाक मारायची हुती त्याला. निस्तं नाव घ्यायचं हुतं नातीचं. तोंड उघडलं त्यानं. निघालं न्हाय.

"आता कायबी ऐकू येत न्हाय ना, ताई?"

इंदूला वाटलं, नळी बिघडली. मग तिनंच जरा दमानं सांगितलं,

"उद्या ये."

...

"बरं."

एवढंच. बरं.

जार सुटला खांद्यावरनं. धोंडप्पानं दार ढकललं. आत इंदू एकटी. नळी कानात तशीच, आन दुसरं टोक स्वतःच्या छातीला. तिला ऐकू येत हुतं. नीट ऐकू येत हुतं. ती नळीकडं बघायची, पुन्हा छातीला लावायची.

"पोरगी कुठाय?" धोंडप्पानं इचारलं.

इंदूनं दाराकडं बोट केलं. त्याच्याच अंगाकडं. आत्ता तर गेली, तुमच्या बाजूनं. खोलीला दार एकच हुतं, आन त्या दारात त्यो उभा हुता.

"कसली हुती?"

तिनं हात धरून उंची दावली. मग स्वतःच्या ओठाला बोट लावलं. आन तेच बोट अंथरुणावरच्या निळ्या चादरीवर ठिवलं.

तिला न्हाय कळलं रं. बिचारीला कायबी न्हाय कळलं. तिनं दार लावून घेतलं आन निजली.

धोंडप्पा ओसरीवरच बसला. मला म्हणला, "मर्दा, ती माझ्या अंगावरनं गेली, आन माझ्या तोंडातनं तिचं नाव निघालं न्हाय." उद्या ये म्हणून सांगितलंय, म्हणजे ती येणार. ह्या टायमाला नाव घ्यायचं. पोटाशी धरायचं. सोडायचं न्हाय. एवढ्यावर बसला त्यो.

थंडी मरणाची. गावातली भांडी वाजायची थांबली. एकेक दिवा गेला. कुत्रंसुदीक न्हाय. कुणी आलं न्हाय. पाय वाजला न्हाय. डोळ्याला डोळा लागला न्हाय म्हणतो, आन मी त्याला वळखतो, त्यो खोटं बोलायचा न्हाय.

फटफटलं. समोरचं दिसाया लागलं.

चपला.

ओसरीच्या पायरीला लागून. लेकरांच्या. एकीमागं एक, जोडीजोडीनं. खताच्या दुकानापुढं आपुन चप्पल ठिवून नंबर धरतो न्हवं का... तशा. समद्यांची तोंडं खोलीच्या दाराकडं. रांग पार फाटकाच्या भाहेर गेलेली. वाडीतल्या एकाबी जित्या लेकराच्या न्हवत्या त्या. काय काय तर इतक्या जुन्या, की तसल्या आता बाजारातबी मिळत न्हाईत.

धोंडप्पा उठला. एकेक बघत गेला. वाकून. हात लावून. पहिली न्हवं. मधल्या न्हवं. फाटक ओलांडलं.

महेश्वरीच्या गुलाबी हुत्या, येरमाळ्याच्या यात्रेत घेतलेल्या. पट्टा तुटला म्हणून त्यानंच पिन लावून दिलेली. आखाडात तिला मातीत ठिवली, तवा ह्या चपला त्यानं स्वतः तिच्या पायाशी ठिवल्या हुत्या.

घावल्या त्याला.

समद्यात शेवटी हुत्या.