लेम्पीच्या हाताची चव

"लेम्पी, तुझ्या हाताला झालंय तरी काय?" तिच्या नवऱ्यानं, यल्मारीनं, लोणी लावलेला पाव ताटलीत आपटला. "परगण्याच्या जत्रेत लोण्याचा पहिला नंबर तीनदा काढलास तू, आणि हे काय फासलंयस पावाला? मेण?"

"वय झालं की जाते हाताची चव," सासूबाई आमान्दा कॉफी ढवळत म्हणाल्या. "माझी सत्तरीतही गेली नाही, ती गोष्ट वेगळी."

धाकटा दीर ओन्नी रविवारचा जेवायला आला होता, तो खाली मान घालून हसला. लेम्पीनं दुसरा पाव कापायला घेतला. अपमानाचा तो घोट तिनं दर रविवारी गिळला होता, आता तर त्याचीही सवय झाली होती.

सांगता आलं असतं तिला! दोन वर्षांपूर्वी मोठा दीर विल्यो गवत कापता कापता शेतातच हृदय बंद पडून कोसळला, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याच्याआधी सासरे कोसळले होते अगदी तसाच. त्याच आठवड्यात गावच्या नर्सनं, इरमेलीनं, यल्मारीचं रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल तीनशे चाळीस निघालं आणि ती म्हणाली, "लोणी सोडा." झालं! यल्मारी पडला दूध संघाचा संचालक. कुणी त्याच्या गाईंना शिवी द्यावी तसा तो भडकला.

"आमचे पणजोबा लोणी खाऊन नव्वदीला टेकले! एक डॉक्टर म्हणतो लोणी वाईट, दुसरा म्हणतो तंबाखू वाईट, उद्या तिसरा म्हणेल श्वास घेऊ नका!"

अशा माणसापुढे कुणी डोकं फोडावं? लेम्पीनं फोडलं नाही. पहाटे गाईंचं दूध काढून झालं की ती दूधघराचं दार आतून लावून घ्यायची आणि दुकानातल्या मार्गारीनमध्ये, म्हणजे वनस्पती तेलाच्या नकली लोण्यात, घरचं लोणी नि मीठ कालवायची... आधी निम्मं लोणी, मग चतुर्थांश, मग नुसतं वासापुरतं. दुधावरची साय वासरांना जायची, आणि मेली वासरं अशी गुटगुटीत झाली की त्यांना काय खायला घालतेस, असं शेजारणी विचारू लागल्या! ज्या हातांचा तिला आयुष्यभर अभिमान, त्या हातांची बदनामी ती स्वतःच रोज पानात वाढत होती... केवळ हा हट्टी माणूस जिवंत राहावा म्हणून!

वसंतात शाळेच्या मोठ्या वर्गात गाव जमलं आणि इरमेलीनं तपासणीचे निकाल वाचले. "सगळ्या गावात कोलेस्टेरॉल सगळ्यात जास्त उतरलंय ते यल्मारीचं. दोनशे अडुसष्ट!"

लेम्पीचे हात आपोआप जुळले. पण ते सुटायच्या आत यल्मारी उठून फळ्यासमोरच्या चौथऱ्यावर चढला.

"मंडळी, मी एक दिवस लोणी सोडलेलं नाही! रोज पावावर बोटभर थर! आता सांगा, लोणी मारतं की तारतं?"

पुरुषांनी बाकं बडवली. बिचाऱ्या इरमेलीचा चेहरा पडला. लेम्पीनं कपाळावर हात मारून घेतला. देवा, याच्यासाठी का मी दोन वर्षं नाक कापून घेतलं!

"मग मीही आजच चालू करतो!" ओन्नी ओरडला. हिवाळ्यात त्याच्याही छातीत कळ आली होती. "चार महिने कोरडा पाव चावतोय गाढवासारखा!"

"नाही, ओन्नी!" लेम्पी ताडकन उठली. आता घर राहो की मोडो! "ह्यानं लोणी खाल्लेलंच नाही. दोन वर्षं मी ह्याला मार्गारीन घालतेय."

हशाचा असा स्फोट झाला की खिडक्या हादरल्या. दूध संघाचा संचालक, आणि मार्गारीन!

यल्मारी लालबुंद झाला. "फसवलंस मला? गावासमोर हसं केलंस माझं?"

"हो, फसवलं! सरळ सांगून ऐकलं असतंस? विल्योला हात जोडून सांगितलं होतं मी, तपासून घे म्हणून, त्यानं थट्टेवारी नेलं! माझ्या हाताची चव गेली म्हणतोस ना? म्हण! जन्मभर म्हण! म्हणायला जिवंत तर राहशील!"

आमान्दाबाई काठी टेकत उठल्या.

"हसू दे रे गावाला," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाला आणि विल्योला कुणी हसलं नाही. सगळे थडग्यापाशी टोप्या काढून उभे होते. तसला मान मला तिसऱ्यांदा नको!" मग त्यांनी लेम्पीचे दोन्ही हात धरले. "पोरी, काय काय बोलले ग मी तुला..."

यल्मारीनं फळ्यासमोर आपलीच टोपी चुरगाळली. मग खाली उतरून तो ओन्नीच्या बाकापाशी थांबला.

"उद्यापासून जेवायला आमच्याकडे यायचं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लेम्पी वाढेल ते मुकाट्यानं खायचं. तिच्या हाताला नाव ठेवलंस तर माझ्याशी गाठ आहे!"

बायकोकडे बघायचं धाडस मात्र त्याला झालं नाही. आणि लेम्पी, जी दोन वर्षांत एकदाही रडली नव्हती, ती सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून साऱ्या गावादेखत ओक्साबोक्शी रडली.